नाक्यावरचा कंप्रेसर

बहात्तरच्या दुष्काळात महादेवप्पानं गावची आटलेली विहीर खोल करायला सीमेपलीकडच्या आळंदहून एका दिवसासाठी खडक फोडायचा, चाकांवरचा कंप्रेसर आणला. ट्रॅक्टरला जोडून आणताना तो अक्कलकोटच्या वाटेवर, महाराष्ट्राच्या नाक्यावर अडकला. “कंप्रेसरला मागं लाल दिवा नाही,” नाक्यावरचे इन्स्पेक्टर म्हणाले. “म्हैसूर राज्यात लाल फडकं चालतंय की, साहेब.” “इथं चालत नाही. दिवा बसवून आणा.” उद्या कंप्रेसर परत द्यायचा होता, दिवा सोलापूरशिवाय मिळणार नव्हता. महादेवप्पा फाटकाशी येरझाऱ्या घालू लागला. निरोप मिळताच त्याची बायको निंगव्वा गावातल्या बायकांना घेऊन आली. ट्रॅक्टर सोडवून, पोहऱ्यांचे दोर कंप्रेसरला बांधून त्या ओढू लागल्या. इन्स्पेक्टर आडवे आले. “हातानं वढल्याल्या गाडीला दिवा लागतो व्हय?” निंगव्वानं विचारलं. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, मिटलं, फाटक उचललं. पलीकडं महादेवप्पा ट्रॅक्टर जोडायला आला, तरी बायका दोर सोडीनात.