खालची फळी

"तसं नाही हो! आधी बाटल्या उकळायच्या, मग त्यात सॉस ओतायचा," टोमॅटोकाकू स्टुलावरूनच ओरडल्या. "बस चालवताना आधी पॅसेंजर उतरवून मग ब्रेक मारायचात का?"

"कधीकधी," ड्रायव्हर म्हणाले आणि बाटल्या मुकाट्याने पातेल्यात सोडल्या.

गच्चीतल्या टोमॅटोंवरून काकूंना गल्लीने हे नाव दिलं होतं. नवरा बसवरून रिटायर होऊनही गल्लीसाठी ड्रायव्हरच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी गॅस पेटवला असेल तर तो विडीसाठी. यंदा मात्र काकूंनी हाक मारायचा अवकाश, हे हजर. कुरकुर नाही, सबब नाही. काकूंना ते नवलच वाटत होतं, पण विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनीही विचारलं असतं, की यंदाच एवढी शिकवणी कशाला?

काकूंच्या पोटातल्या दुखण्यावर आता इलाज उरला नव्हता. पुढचा हंगाम दिसेलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकूंनी ते घरात कळू दिलं नाही. सोमवारी तपासणीला निघताना त्या "ताईकडे जाते" म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं. एकदा रडारड सुरू झाली की हा बाबा शिकणार काय, कपाळ! त्याला चार घास नीट रांधून खाता आले पाहिजेत, मग खुशाल मरण येऊ दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"बाह्या वर करा. वाफेने हात भाजेल."

"राहू दे गं. सवय आहे."

काकूंनी चमचाभर सॉस त्यांच्यापुढे धरला. "कसा झालाय?"

"झकास!"

काकूंनी स्वतः चाखला आणि तोंड वाकडं केलं. त्यात मीठच नव्हतं. "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणून त्यांनी मीठ घातलं, पण आतून त्या खचल्या. हे असं अळणी जेवतील, आणि सांगायला कोणी नसेल.

बाटल्या निवल्यावर काकू प्रत्येक झाकणावर नख वाजवायच्या. टण्ण वाजलं तर बसलं. भद्द वाजलं तर ती बाटली आज-उद्याच संपवायची. ड्रायव्हर ते कान देऊन ऐकायचे.

बाटल्या त्यांनीच आणल्या होत्या, सगळ्या चिमुकल्या. "भातुकली मांडताय?" काकूंनी थट्टा केली.

"एकदा फोडली की लवकर संपायला हवी ना."

या तर एकट्या माणसापुरत्या बाटल्या! यांना कुठून कळलं की काय? काकूंनी नवऱ्याचा चेहरा निरखला. तो शांतपणे झाकणं पुसत होता.

मग बाटल्या ठेवायला ड्रायव्हरनी फळी ठोकली, ती स्वतःच्या कमरेएवढ्या उंचीवर. माणूस ताडमाड, काकू त्यांच्या कोपरापर्यंत जेमतेम पोचायच्या.

"एवढी खाली? रोज वाकून तुमच्या कमरेचा काटा ढिला होईल."

"होऊ दे. तेवढाच व्यायाम."

काकू झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने गच्चीत गेल्या आणि टोमॅटोंच्या आड बसून पोटभर रडल्या. या वेड्या माणसाला स्वतःपुरती फळीसुद्धा ठोकता येत नाही. याला कोणाच्या भरवशावर सोडून जायचं?

गुरुवारी ड्रायव्हर नेहमीप्रमाणे जुन्या मित्रांकडे पत्ते खेळायला निघाले. हल्ली ते यायचे तेव्हा चेहरा पार उतरलेला असायचा. "हरलो गं," म्हणायचे आणि न जेवता आडवे व्हायचे. "एवढं हरता, तर जाता कशाला?" काकू चिडायच्या. "डाव अर्धा सोडून कसं चालेल?" ते म्हणायचे.

ते गेले, आणि पाठोपाठ काकूही निघाल्या. डॉक्टर सोमवारी रजेवर होते, म्हणून यावेळी गुरुवारी बोलावलं होतं. हॉस्पिटलात त्यांनी खिडकीवर नंबराची चिठ्ठी घेतली आणि वरच्या मजल्यावर चढल्या. लांबट खोलीत खुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनची बाटली टांगलेली.

शेवटच्या खुर्चीत एक ताडमाड माणूस दाराकडे पाठ करून बसला होता. शर्टाची एक बाही वर केलेली, दंडापर्यंत हात काळानिळा, सुई टोचलेली. मांडीवर सॉसची एक चिमुकली बाटली होती.

"ही तुमच्यासाठी," तो नर्सला म्हणत होता. "मीठ बायकोने घातलंय, म्हणून बिनधास्त देतोय. मला आता चवच कळत नाही."

"काका, काकूंना सांगितलंत का?"

"सांगतो. तिच्या हाताला येईल अशी फळी ठोकलीय. ती भरली, की सांगतो."

"एकवीस नंबर!" दारातून दुसरी नर्स ओरडली. "एकवीस नंबर कोण आहे?"

चिठ्ठी टोमॅटोकाकूंच्या मुठीत होती.