दुप्पट राख

भाचीने चादरीत गुंडाळलेली वस्तू मामींच्या कामाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा धप्प असा आवाज झाला. नुसत्या मातीच्या बरणीचा आवाज असा येत नाही, हे मामींना न बघताच कळलं.

"आईने पाठवलीय," भाची लॅपटॉप उघडत म्हणाली. "संग्रहात फोटो टाकायच्या आधी वहिनीला दाखव म्हणाली."

मामींनी मातीचे हात पुसले. मग पुसलेले हात पुन्हा पुसले.

संग्रह भाचीचा. मातीची भांडी करणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या ग्लेझची कृती, म्हणजे भांड्यावरच्या त्या काचेसारख्या झिलईत काय आणि किती घालायचं ते, इंटरनेटवर एका जागी लिहायचं. मग कुणीही वाचावं, कुणीही वापरावं. माणसाबरोबर त्याचं ग्लेझ जाऊ नये, असा उदात्त हेतू. सगळ्यांनी भरभरून सहकार्य केलं, म्हणजे प्रत्येकाने कृती दिली आणि तिच्यातला एकेक जिन्नस मागे ठेवला. एका ज्येष्ठ कलावंताने तर प्रमाणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'अनुभवाने' असं भरलं. शेवटी वैतागून भाचीने नियम केला: दुसऱ्या कुणी ती कृती आपल्या भट्टीत भाजून बघितल्याशिवाय तिच्यापुढे 'तपासली' अशी खूण पडणार नाही.

मामींनी मात्र काही मागे ठेवलं नव्हतं. त्यांचा स्वतःपाशी तोच बचाव होता. सासूबाईंच्या हिरव्या ग्लेझमधले सगळे जिन्नस त्यांनी न चुकता सांगितले: फेल्डस्पार, खडू, पांढरी माती, तांब्याची भुकटी, लाकडाची राख. राख तेवढी दुप्पट सांगितली. राख जास्त झाली की ग्लेझ भट्टीत पातळ होऊन भांड्यावरून ओघळतं आणि भट्टीत भांडं ज्या भाजक्या मातीच्या फळीवर ठेवतात, तिला ते जन्माचं चिकटवून टाकतं. सासूबाईंनी हा हिरवा सुनेला शिकवला होता, पोटच्या लेकीला नाही. का, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या हिरव्यामुळे मामींना या घरात एक वजन होतं, आणि तो असा चव्हाट्यावर मांडला तर पहिला हात कुणाचा पडणार, हेही त्या जाणून होत्या.

तोच पडला. कृती तपासायला नणंदबाईंनी आपण होऊन नाव दिलं.

भाचीने चादर सोडली.

बरणी होती, पण फळीसकट. फळी बरणीभोवती हातोडीने तोडून घेतलेली, कडा दातरलेल्या. बरणीच्या खांद्यापासून हिरवे ओघळ निघाले होते, काही बोटाएवढे, काही केसाएवढे, मधून मधाच्या रंगाची रेघ. आणि बुडाशी सगळे एकत्र येऊन फळीवर निळसर काचेचं एक लहानसं तळं थिजलं होतं.

इतका देखणा हिरवा मामींच्या हातून उभ्या आयुष्यात उतरला नव्हता. ही गोष्ट त्यांना मुळीच आवडली नाही.

"फळी गेली म्हणून चिडली असेल तुझी आई."

"चिडली? भट्टी उघडली आणि हसतच सुटली. बाबा पाणी घेऊन धावले."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, लहानपणी आईला ग्लेझची राख मीच चाळून द्यायचे, किती लागते ते मला चांगलं ठाऊक आहे."



"मग कमी घालायची होती ना!"

"मीही तेच म्हटलं! तर म्हणे, तपासायची म्हणजे लिहिलंय तेच करून बघायचं. वहिनीने सांगितलं ना, मग तेवढीच." भाचीने नाक फेंदारलं. "तुम्हा दोघींचं मला काही कळतच नाही. बरं, कृती पास झाली बरं का मामी. खूण करते, आणि खाली 'फळीची आशा सोडावी' अशी टीप टाकते."

मामी स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या बरणीच्या बुडाशी थिजलेल्या तळ्यावरून बोट फिरवत राहिल्या. बोट कुठे अडलं नाही.

"खूण कर. पण वरचं माझं नाव काढ."

"आणि कुणाचं घालू?"

"तुझ्या आईचं."

"अगं, कृती तुझी ना?"

"माझी असती तर फळी वाचली असती." मामींनी स्टूल पुढे ओढलं. "आता दुसरी लिहून घे. जिन्नस तेच."

भाची लिहू लागली. राखेपाशी आल्यावर मामींनी आकडा सांगितला. भाचीने तो टाकला, वरच्या कृतीतला बघितला, पुन्हा खालचा बघितला आणि मग मान वर करून मामींकडे बघितलं. मामी खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत होती.

"ही कुणाच्या नावावर?" भाचीने जपून विचारलं.

"तुझ्या आजीच्या."

"आणि तपासायला?"

"विचारतेस काय? तुझ्या आईलाच दे."

भाचीने लॅपटॉप मिटला आणि रिकामी चादर झटकून घडी घालायला घेतली.

"थांब," मामी म्हणाल्या. त्यांनी भट्टीशेजारच्या मांडणीवरून आपली एक नवी कोरी फळी काढली, पदराने पुसली आणि चादरीत नीट गुंडाळून दिली.