तिसावरचा काटा

"काटा सुस्त हाय," दौलतसिंगाच्या गॅरेजसमोर जुनी मोटरसायकल उभी करत पुंजाजी म्हणाला. "पन्नासनं पळवली तरी तीसच दाखवते. जसा होता तसा करून दे."

दौलतसिंगानं हातातला पाना खाली ठेवला. "इतक्या वर्षानं काहून, काका?"

"तुले ठाऊक हाय काहून."

ठाऊक होतं. काटा सुस्त करून देणारा दौलतसिंगच. गोजराबाईनं नवऱ्याला शपथ घातली होती, "तिसाच्या वर नेली तं माह्यं मेलेलं तोंड पाहसान." केनवडहून रिसोडला येताना ती मागं बसून त्याच्या खांद्यावरून मीटरवर डोळा ठेवायची. शपथ मोडायची पुंजाजीत हिंमत नव्हती, अन् तिसावर जीव रमत नव्हता. म्हणून त्यानं मीटरच्या आतली केसाएवढी स्प्रिंग गुपचूप आवळून घेतली. काटा तिसावर, गाडी पन्नासवर, घरात शांतता.

पहिल्या हप्त्यात कानात वारा शिरायचा. मग कान सरावले. सोयाबीन भरलेले ट्रॅक्टर पुढं निघून जायचे, उतारावर शाळेच्या पोरी सायकलीवर पुढं जायच्या. ही पिढी जिवावर उदार झालीय, असं वाटून पुंजाजी हळहळायचा. लग्नाला पोचावं तर अक्षता पडून गेलेल्या. आजकाल लोक मुहूर्ताआधीच उरकून घेतात, असा त्याचा समज होता.

एक गोष्ट मात्र सलायची. गोजराबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून त्याच्या पाठीला चिकटायची अन् थरथर कापायची. काटा तिसावर असूनही. बाईच्या अंगाला कळतं, तो मनाशी म्हणायचा, अन् उद्यापासून हळू नेऊ असं ठरवायचा. तो उद्या राहूनच गेला. यंदा पोळ्याच्या आधी तिला ताप भरला आणि ती गेली.

"पाह्यलं म्या मेलेलं तोंड," पुंजाजी म्हणाला. "म्याच मारलं तिले. आता तरी काटा खरं बोलू दे."

दौलतसिंगानं केबल ओढून पाहिली, तेल सोडलं, पुढचं चाक उचलून फिरवलं. मग स्वतःची नवी गाडी बाहेर काढली. "चाला, जोडीनं जाऊ. तुमचं तीस झालं का हात दाखवा."

नाक्याजवळ पुंजाजीनं हात दाखवला. दौलतसिंगानं आपल्या मीटरवर बोट ठेवलं. तिथंही तीसच.

"तुह्याबी बिघडला?"

"बिघडला नाही, काका. तुमी स्प्रिंग आवळून नेली, अन् पुढच्याच बाजाराले, तुमी गाडी इथं ठेवून सोयाबीन विकाले गेले तवा काकू आल्या. म्हणे, काटा तिसावर अन् पदर काही डोक्यावर ठरत नाही, ढिली कर. तवापासून ढिलीच हाय, काटा खरंच बोलते. मंग तुमी तिसाच्या वर कधी गेलेच नाही."

पुंजाजीनं गाडी कडेला घेतली अन् तो मैलाच्या दगडावर बसला. "अन् तू बोलला नाहीस मले?"

"मले बी शपथ घातली होती. तीच, मेल्या तोंडाची. आता सुटली."

एक ट्रॅक्टर पुढं निघून गेला.

"मंग माह्या पाठीमांगं कापायची कायले?"

"काकू हासल्या का आवाज निघे नाही त्यायचा, नुस्तं अंग हाले," दौलतसिंग म्हणाला. "त्या दिवशी गॅरेजात बी पदर तोंडात कोंबून तशाच हालून राह्यल्या होत्या. म्हणे, 'सांगू नको रे त्यायले. वाटू दे, का गाडी उडून राह्यली.'"