राखणदाराचे नाक

“मेस्ता, नाक आजून बारीक कर,” देवस्थान समितीचे अध्यक्ष देवेशबाब म्हणाले. “देव देवासारखो दिसाक व्हयो.”

बाबाजी मेस्ताने पटाशी पुन्हा चालवली. फणसाच्या लाकडातला मुखवटा निमूटपणे निमुळता होत होता. पेडणे तालुक्यातल्या त्या गावात सीमेवरच्या राखणदारास खापरी म्हणत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेला कोणी गुलाम तेथे मरण पावला आणि पुढे गावाचा रक्षक झाला, अशी श्रद्धा होती. जुन्या मुखवट्याचे नाक रुंद, ओठ जाड आणि वर्ण काळाभोर होता. त्यास वाळवी लागली, तेव्हा समितीने नवा करावयास सांगितला. सरळ नाकाचा, गुलाबी रंगाचा.

जुना मुखवटा पणजीच्या एका संग्रहालयाने मागून नेला. न्यायला आलेले योगेश सर म्हणाले होते, “शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या चित्रकारांनी आफ्रिकेतले असेच चेहरे पाहिले आणि आपली चित्रकलाच बदलून टाकली.”

देवेशबाब हसले होते. “मगे तुमीच न्हेवा. आमका पॅरिस नको.”

बाबाजीस या कामाला नकार देणे शक्य नव्हते. त्याचे घर देवस्थानच्या जमिनीत होते.

त्याची दहा वर्षांची मुलगी गौरवी उंबरठ्यावर बसून पाहत होती. तिचेही नाक रुंद होते, वर्णही तोच. शाळेतली मुले तिला खापरी म्हणूनच हाक मारीत.

“बाबा, देवाक पण गोरो करूचो लागता?”

 बाबाजीने गुलाबी रंगाचा डबा उघडला.

नव्या देवाची स्थापना यथासांग झाली. त्याच महिन्यात शाळेची सहल पणजीस गेली. संध्याकाळी गौरवी परतली ती हसतच. असे पूर्वी कधी घडले नव्हते. संग्रहालयात तिने जुना देव पाहिला होता. काचेच्या पेटीत, दिव्याखाली, कुलूपबंद.

“लोक रांगेत उभे रवान बघी होते, बाबा. आमच्या वर्गातली पोरां पण गप होती.”

बाबाजीच्या मनावरचे ओझे क्षणभर उतरले. त्याने हातातला रंधा खाली ठेवला आणि मुलीस जवळ घेतले.

“थंय त्या तोंडाक कोणच हसाक नाय,” गौरवी म्हणाली. “माका पण तसलीच पेटी करून दी.”