आधी कोणाकडे

"भार्गवराव, आजही ते आधी माझ्याकडेच! तुमच्याशी अबोला धरलाय की काय?" शेजारच्या खाटेवरचे दामूअण्णा हसले.

दोघांत मिळून एकच शुश्रूषायंत्र होतं. ज्याची नाडी जास्त पळे, त्याच्याकडे ते आधी जाई. महिनाभर ते दामूअण्णांचाच हात धरून बसलेलं पाहून भार्गवराव आतल्या आत जळत होते. आज त्यांनी पांघरुणाखाली मुद्दाम पाय झाडून नाडी पळवली. दामूअण्णांना औषध देणं अर्धवट सोडून यंत्र भार्गवरावांकडे वळलं आणि त्यांचा हात हाती घेऊन बसलं. भार्गवरावांना धन्य वाटलं.

दामूअण्णांची मान उशीवर कलली. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते आणि नाडी मंदावत होती.

"अरे, तिकडे जा आधी!" भार्गवराव किंचाळले. भीतीने त्यांची नाडी आणखीच पळू लागली, तसा यंत्राने त्यांचा हात घट्ट धरला.