तिसरी सीट

नसीबा खाला केपटाउनहून आल्या होत्या आणि त्यांना भिवंडीचं जुनं बंदर बघायचंच होतं. तिथं आता चिखल आणि चार पायऱ्यांशिवाय काही उरलेलं नाही, असं त्यांच्या भाचेसुनेनं, अफीफानं, पन्नासदा सांगून पाहिलं. पण ऐकतंय कोण!

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षावाल्यानं तिसरी सीट मिळेपर्यंत दोघींना अर्धा तास उन्हात शिजवलं. बंदरावर पोचल्या तर ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं. तरी खाला कोरड्या पायऱ्यांवर उभ्या राहून फोटोमागून फोटो काढून घेत होत्या. अफीफाचं डोकं उठलं.

परतताना एकच रिक्षा उभी होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. 'आता हा मेला तिसऱ्या सीटसाठी संध्याकाळ करणार,' असं पुटपुटत अफीफा आत शिरली आणि उजव्या दांडीला टेकली. मागून खाला चढल्या.

रिक्षावाल्यानं आरशात एकदा पाहिलं. "चलो, तीन सीट हो गयी," म्हणाला आणि निघालाच.

याला मोजता येत नाही, पण आपली सुटका तर झाली, असं म्हणत अफीफानं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पहिल्याच खड्ड्यापासून खाला तिच्या अंगावर रेलायला लागल्या. दांडी बरगडीत रुतली. बाही गारगार, ओली झाली. शेवटी मान वर न करताच अफीफा खेकसली,

"खाला, एवढी सीट रिकामी आहे, सरका की जरा!"

खालांचा आवाज पार दुसऱ्या टोकाकडून आला.

"आणखी कुठं सरकू गं? मी तर कधीची अर्धी बाहेर लटकतेय."