गोलाआधीचा मासा

मासा हातातून सुटला आणि मगच हिल्माच्या लक्षात आलं, की गोल झालेलाच नाही.

आइस हॉकीची ती रबरी चकती गोलच्या खांबावर टण्णकन आपटून बाहेर आली होती. पण पलीकडच्या बाकांवरच्या कॉलेजच्या पोरांनी असा काही गलका केला, की हिल्मा ताडकन उठली, कोटाखालचा मासा काढला आणि काचेच्या भिंतीवरून दिला भिरकावून. सहासष्ट वर्षांची असली तरी दारातला बर्फ उपसून उपसून कमावलेला हात तो! दीड किलोचा मासा बर्फावर पडला आणि घसरत घसरत थेट पाहुण्या संघाच्या गोलकीपरच्या पायाशी जाऊन थांबला. नेम म्हणावा तर असा. वेळ तेवढी चुकली.

रेफरीने शिट्टी फुंकली आणि खेळ थांबला.

कॉपर पॉइंट कॉलेजचा पहिला गोल झाला, की पाहुण्यांच्या गोलकीपरपुढे मासा पडायचाच. हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याचा मासा कुणी टाकायचा, ते चिठ्ठी काढून ठरतं. हिल्मा एकतीस वर्षं याच खुर्चीत बसत होती आणि यंदा कुठे तिची चिठ्ठी निघाली होती. आठवडाभर गावात जो भेटेल त्याला ती सांगत सुटली होती. पण गोल नसताना मासा पडला तर ती खेळात आडकाठी, हे रेफरीने आज सुरुवातीलाच बजावलं होतं. शिक्षा दोन मिनिटांची. तेवढा वेळ यजमानांचा एक गडी बाहेर.

घड्याळात दोन मिनिटं नऊ सेकंद उरली होती. शून्य-शून्य. हरणाऱ्याचा हंगाम आज, इथेच संपणार होता.

"ताई," शेजारी बसलेला तिचा धाकटा भाऊ रेनो म्हणाला, "तीस वर्षं तुझी चिठ्ठी का निघत नव्हती, ते आज कळलं."

"गप बस, मेल्या."

"आजी, चष्मा घरी विसरलात का?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. हिल्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता एक गोल बसला, तर या पोरांचं वर्ष तिच्या हाताने बुडणार होतं. एकतीस वर्षं ज्यांच्यासाठी घसा फोडला, त्यांचंच!

शिक्षा भोगायला प्रशिक्षकाने लुक बुशारला पाठवलं. शेवटच्या वर्षाचा पोरगा. आज हरले तर कॉलेजच्या जर्सीतला त्याचा हा शेवटचाच सामना. शिक्षेचा बाक हिल्माच्या खुर्चीला लागूनच, मध्ये फक्त काच. तो धापा टाकत येऊन बसला. हिल्माने काचेच्या फटीला तोंड लावलं.

"पोरा, चुकलं रे माझं. तुझी शेवटची दोन मिनिटं मी खाल्ली."

लुकने हेल्मेट वर सरकवलं. "मासा झकास होता, आजी. सरोवरात कुठल्या बाजूला गळ टाकला होता?"

"ते मी सख्ख्या भावाला सांगत नाही, तुला बरी सांगेन!"

लुक खदखदून हसला. हिल्माला रडू यायच्या बेतात होतं, तेही हसू होऊन बाहेर पडलं.

मग खेळ सुरू झाला आणि तिने डोळेच मिटून घेतले. पाच जण चौघांवर तुटून पडले होते. स्टिकांचा खडखडाट, काचेवर धडाधड आपटणारी अंगं.

"उघड डोळे," रेनो म्हणाला.

"नाही उघडत."

"अगं उघड, अडवला! छातीवर घेतला, छातीवर!"

"कोणी?"

"बघ की मग!"

तिने एक डोळा उघडला. आपला गोलकीपर बर्फावर सपशेल आडवा, चकती त्याच्या पोटाखाली. पुन्हा सुरुवात. पुन्हा फटका, पुन्हा अडवला. चार नंबरचा निल्स फटका घोट्यावर घेऊन लंगडत होता, तरी हटत नव्हता. हिल्मा आता उभी राहून काच बडवत होती, आणि मघाशी चष्मा विचारणारा तिच्या खांद्याला धरून बोंबलत होता. वीस सेकंद. पंधरा. पाहुण्यांचे पाचही जण पुढे चढून आले होते, मागे गोलकीपर सोडला तर चिटपाखरू नव्हतं.

निल्सला चकती सापडली. त्याने मान वर न करताच ती जोरात दूर मारली, नुसती बला टाळायला.

नेमकी त्याच क्षणी दोन मिनिटं संपली आणि शिक्षेच्या बाकाचं दार उघडलं.

लुकने बर्फावर पाय ठेवला आणि चकती त्याच्या स्टिकवर येऊन टेकली. समोर मोकळं मैदान आणि एकटा गोलकीपर. "पळ!" हिल्मा किंचाळली. "पळ रे माझ्या राजा!" लुक सुटला तो सुटलाच. डावीकडे हूल, उजवीकडे फटका, आणि मागची जाळी टम्म फुगली.

घड्याळात चार सेकंद.

मग कोण कुणाच्या गळ्यात पडतंय, कुणाला कळेना. रेनोची कॉफी हिल्माच्या मानेत सांडली, तिला त्याचाही पत्ता नव्हता. बर्फावर लुकच्या अंगावर अख्खा संघ कोसळला होता.

तेवढ्यात भोंगा खरखरला. गोल करणाऱ्याचं नाव पुकारलं, की चकती पुरवणाऱ्या दोघांचीही पुकारतात, ते ऐकायला सगळे थांबले.

"गोल, एकोणीस नंबर, लुक बुशार! पहिला पास, चार नंबर, निल्स आर्नेसन!"

निवेदकाने घसा खाकरला.

"दुसरा पास, पहिली रांग, खुर्ची नंबर बारा, हिल्मा कांगास!"